धरायचं किती, सोडायचं किती: मुलांच्या साधननिवडीच्या नोंदी

३ जून

साठवणीची खोली आज रिकामी केली. पाच मुलांसाठी साधनं निवडायची आहेत, पण सुरुवात कॅटलॉगने न करता अडगळीने करू, असा माझा आग्रह होता. दोन स्टँडिंग फ्रेम, एक अवाढव्य गेट ट्रेनर (अंगाला आधार देऊन चालायला लावणारी चाकांची चौकट), चार व्हीलचेअर, कॉर्नर चेअर, वेज (उताराची कडक उशी), कुणाकुणाचे सुटे बेल्ट. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली: कुणासाठी आली होती आणि वापर का थांबला. ‘मोडली’ असं फार थोड्या चिठ्ठ्यांवर लिहावं लागलं. बाकी सगळं असं: बसवायला दोन माणसं लागायची. दारातून जायची नाही. मुलगा वाढला, सीट वाढली नाही. मुलगी रडायची. एका फ्रेमवर तर एवढंच लिहिलंय, ‘आजीला बकलं लावता येत नव्हती’.

गेट ट्रेनरपाशी जरा रेंगाळले. त्याला छातीचा पट्टा आहे, कमरेचा आहे, मांड्यांच्या मध्ये आधार आहे, हातांना कठडे आहेत, घोट्यांनाही पट्टे आहेत. आणि हे सगळं कायम घट्ट आवळलेलं असायचं. मूल त्यात पडायचं नाही हे खरं, पण पाऊलही टाकायचं नाही. पुढचे काही महिने हाच प्रश्न पुन्हापुन्हा येणार: कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं. नीट धरलं तर मान, डोळे, हात मोकळे होतात. जास्त धरलं तर मुलाचं सामान होतं.

कामाला मी (फिजिओ), ऑक्युपेशनल थेरपिस्ट सहकारी आणि साधनं जुळवून देणारा आमचा तंत्रज्ञ. मुलांची नावं लिहीत नाही, अक्षरंही बदललेली आहेत.

७ जून

पाचही घरांना ‘दिवसाची पट्टी’ भरायला दिली होती. चोवीस तासांचे रकाने. मूल कुठे होतं, कसं होतं, आणि त्या वेळी त्याला काय करायचं होतं. शेवटचा रकाना बहुतेकांनी आधी रिकामा सोडला. फोन करून भरून घेतला.

स. सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), जीएमएफसीएस पातळी ४. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने १९९७ मध्ये मांडलेली ही हालचालींच्या क्षमतेची पाच पातळ्यांची वर्गवारी आमच्या रोजच्या बोलण्यात इतकी मुरली आहे की पालकही आता ‘आमची चौथी’ म्हणतात. पहिल्या पातळीतलं मूल बिनआधाराने चालतं, तिसऱ्यातलं हातात साधन धरून चालतं, चौथ्यातलं बहुतेक ठिकाणी चाकांवर फिरतं, पाचव्यातल्या मुलाला मान आणि धड सावरणंही कठीण जातं. २००७ मध्ये ती सुधारून १२ ते १८ वयोगटही घेतला. साधन कोणतं हे पातळी सांगत नाही, पण कुठून विचार सुरू करायचा ते सांगते.

स.ची पट्टी पाहिली तर ती दिवसभर बसलेली. बाबागाडीत बसलेली, सोफ्यात उशा लावून बसलेली, मांडीवर बसलेली, शाळेत बसलेली. साधनं चार, आसन एकच. खुबे आणि गुडघे सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच कोनात. उभं राहणं शून्य. जमिनीवर जेमतेम अर्धा तास, तोही आंघोळीआधी वाट बघताना. नवी, महाग, चांगली खुर्ची आणून दिली तर ती याच पट्टीत आणखी एक ‘बसलेली’ भरेल.

आणि स.साठी उभं राहणं ही चैन नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची नोंदवहीच तपासून २००६ मध्ये आलेला अभ्यास आमच्या भिंतीवर आहे: खुबा सांध्यातून सरकण्याचं प्रमाण एकूण ३५ टक्के, पण पहिल्या पातळीत शून्य आणि पाचव्या पातळीत ९० टक्के. चौथी पातळी त्या चढणीच्या बरीच वर आहे. एक्स-रे काढून घ्यायला सांगितला.

१२ जून

स.ची मॅटवरची तपासणी. आधी पाठीवर झोपवून, मग मॅटच्या कडेला बसवून. खुर्चीत बसलेलं मूल पाहून खुर्ची निवडता येत नाही, कारण तिथे खुर्चीचं शरीर दिसतं, मुलाचं दिसत नाही.

पाठीवर असताना एक हात कमरेच्या खाली ठेवला आणि दुसऱ्या हाताने मांडी हळूहळू पोटाकडे नेली. डावीकडे ९५ अंशांपर्यंत खुबा वाकला आणि मग कमरेचा मणका माझ्या बोटांवर दाबायला लागला. म्हणजे खुबा संपला, पुढचं वाकणं पाठीतून येतंय. उजवीकडे हे ८० अंशांनाच झालं. मग खुबा तिथेच ठेवून गुडघा सरळ करायला घेतला. मांडीमागचे स्नायू इतके आखूड की गुडघा ९० च्या पुढे उघडताना लगेच पेल्व्हिस (कमरेच्या तळाचं हाडांचं कडं) मागे खेचली जाते.

इथेच बहुतेक खुर्च्या फसतात. ‘सगळीकडे काटकोन’ हा नियम पुस्तकात चांगला दिसतो. स.ला काटकोनात बसवायचं तर उजव्या बाजूची पेल्व्हिस मागे वळणारच, ती माकडहाडावर येणार, पाठीला बाक येणार आणि समोर बघायला मान मागे टाकावी लागणार. वर फूटरेस्ट पुढे असेल तर आखूड स्नायू तिला सीटवरून पुढे ओढत राहणार. आजवर सगळे म्हणत आले, ‘ही सारखी घसरते’. ती घसरत नाही, तिला घसरवलं जातं.

मग कडेला बसवून हातांनी खुर्ची ‘करून’ पाहिली. सहकारी मागे बसली, दोन्ही तळवे पेल्व्हिसच्या दोन बाजूंना. मी गुडघ्यांसमोर. तिचे पाय जरा आत, सीटच्या खाली येऊ दिले, उजवी मांडी थोडी खाली सोडली. पेल्व्हिस सरळ झाली आणि मान आपोआप वर आली. डोक्याला कुणीही हात लावला नव्हता. तिने समोरच्या आरशात स्वतःकडे पाहिलं आणि जीभ दाखवली.

‘पण हिला मानेचा पट्टा लागेल असं सांगितलं होतं,’ आई म्हणाली.

‘आधी खालचं बघू या. वरचं बरंचसं त्यातच सुटतं.’

१३ जून

मापं. लिहून ठेवते, कारण दर वेळी कुणीतरी नवीन माणूस घेतो आणि कपड्यांची मापं घेतल्यासारखी घेतो.

सीटची खोली म्हणजे पाठीमागच्या सपाट आधारापासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत, त्यातून दोन-तीन सेंटिमीटर वजा. दोन्ही पायांची वेगवेगळी, स.ची डावी-उजवी सारखी नाहीत आणि त्याचं कारण पाय आखूड असणं नसून पेल्व्हिस फिरलेली असणं आहे. मूल वाढेल म्हणून खोल सीट घेऊ नका: खोल सीटवर मूल गुडघे वाकवायला पुढे सरकतं आणि बाक काढून बसतं. वाढ सीटच्या मागच्या जागेतून द्यायची, मुलाच्या लवणीतून नाही. रुंद सीटवर ते एका बाजूला कलतं. फूटरेस्ट खाली गेली तर पाय शोधत पुढे घसरतं. मापं बसलेल्या अवस्थेत, स्प्लिंट आणि बूट घालून घ्यायची. हिवाळी कपड्यांसाठी इंचभर जास्त ठेवा असं म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं.

२० जून

आ. आठ वर्षांचा, स्पायना बिफिडा (जन्मतः मणका नीट न मिटलेला). हात दणकट, कमरेखाली संवेदना नाही. त्याच्याकडे सध्या मोठ्या माणसाची घडीची खुर्ची आहे, आतून गाद्या लावून लहान केलेली. आर्मरेस्ट इतके उंच आणि सीट इतकी रुंद की चाकापर्यंत हात नेताना त्याचे खांदे कानाला लागतात. तरी तो वेगात जातो. ‘मला ब्रेक नको, मला हलकी पाहिजे,’ हे त्याचं पहिलं वाक्य.

त्याचं म्हणणं बरोबर आहे. मोठ्या माणसाची खुर्ची त्याच्या वजनाचा लहानसा भाग असते. मुलाची खुर्ची कधीकधी त्याच्या स्वतःच्या वजनाच्या जवळ जाते. एवढं ओझं दिवसभर खांद्यांनी ढकलायचं, आणि हे खांदे त्याला आयुष्यभर पुरवायचे आहेत. म्हणून याला सगळ्यात कमी धरायचं. पाठीचा टेका बुटका, खांद्याची पाती मोकळी. आर्मरेस्ट नको. मागच्या चाकाचा आस जेवढा पुढे घेता येईल तेवढा पुढे: वजन मोठ्या चाकांवर येतं, पुढची छोटी चाकं हलकी होतात, वळायला सोपं जातं. त्याची किंमत अशी की खुर्ची मागे कलंडायला तयार होते. म्हणून सुरुवातीला कलंडू न देणारी मागची चाकं लावायची आणि शिकला की काढायची. हात चाकाच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवल्यावर कोपराचा कोन १०० ते १२० अंशांत यावा, हे मोठ्यांसाठीच्या खांदा-जपणुकीच्या शिफारशीतलं माप आहे. मुलांनाही ते उपयोगी पडतं.

कुशनपाशी मात्र उलट. इथे एक अंशही सैल सोडायचा नाही. त्याला दुखत नाही, त्यामुळे तो सरकत नाही, आणि त्यामुळे कातडी मरते. तळव्याची तपासणी केली: कुशनखाली हात सरकवायचा, आणि बैठकीच्या हाडाखाली बोटं हलवून बघायची. बोटांना हाड थेट लागलं तर कुशन बसलं, संपलं. त्याचं जुनं संपलेलं होतं.

सहकारीने आठवण करून दिली आणि मी फॉर्मवर लाल शाईने लिहिलं: लॅटेक्स नको. स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी फार आढळते, कधी जीवघेणी. रबराच्या पकडी, पट्टे, काही टायर, कुशनचे भाग, सगळं विचारून घ्यायचं. तंत्रज्ञाकडे वर्कशॉपमध्ये रबरी हातमोज्यांचा डबा होता, तोही बदलला.

२४ जून

स.चा एक्स-रे आला. मायग्रेशन टक्केवारी, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीबाहेर किती सरकला ते, डावीकडे २२, उजवीकडे ३४. तीसच्या वर गेलं की आम्ही डोळा ठेवतो. ऑर्थोपेडिककडे पाठवलं. साधनांनी खुबा जागेवर येतो असं मी आईला सांगितलं नाही, सांगणारही नाही.

१ जुलै

नी. सव्वादोन वर्षांची, एसएमए टाइप २ (स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, स्नायू कमजोर करत नेणारा आनुवंशिक आजार). बसवली तर बसते, ढकललं तर पडते, बोलते मात्र अखंड. तिच्या पट्टीचा शेवटचा रकाना सगळ्यात भरलेला होता: ‘भावाच्या मागे जायचं असतं’, ‘पडद्यामागे लपायचं असतं’, ‘दार कोण वाजवतंय बघायचं असतं’. आणि मधल्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘उचलून नेलं’.

मी पॉवर व्हीलचेअरचं नाव काढताच वडील गप्प झाले. मग म्हणाले, ‘मॅडम, औषध सुरू आहे. आता काही मुलं उभी राहतात असं वाचलंय. आत्ताच खुर्ची दिली म्हणजे चालणार नाही असं ठरवूनच टाकलं की.’

हा प्रश्न टोलवायचा नाही. २०१६ च्या अखेरीस नुसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, त्यानंतर आणखी उपचार आले, आणि एसएमएचं चित्र खरोखर बदललं. उभं राहण्याचं काम चालूच राहील, त्यासाठी वेगळं साधन यादीत आहे. पण चालण्याची वाट बघताना दोन वर्षांची मुलगी ज्या ज्या गोष्टी करते त्या थांबत नाहीत. पळणं, लपणं, नको त्या ठिकाणी जाणं आणि ओरडा खाणं. हे सगळं ती आत्ता शिकते किंवा उशिरा शिकते. शार्लीन बटलर आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की दोन वर्षांच्या आसपासची मुलं मोटरची खुर्ची चालवायला शिकतात. २०१२ मध्ये १४ ते ३० महिन्यांच्या मुलांवर झालेल्या लहानशा तुलनेत खुर्ची मिळालेल्या गटाची भाषेची समजसुद्धा जास्त वाढलेली दिसली. ‘आधी चालण्याचे प्रयत्न थकू देत, मग खुर्ची’ हा क्रम कुणी घालून दिला मला ठाऊक नाही, पण त्याने मुलांची वर्षं खाल्ली आहेत.

वडिलांना एवढंच म्हटलं, ‘आज नुसती बसू दे. न्यायची की नाही ते नंतर.’

केंद्रातल्या डेमो खुर्चीत बसवली. सीट तिच्यासाठी बंदिस्त केली: दोन्ही बाजूंना धडाला आधार, पाय टेकवले, हाताचा कोपर ट्रेवर, जॉयस्टिक बोटाने हलेल इतकी हलकी. वेग सगळ्यात खालचा. नीट धरल्यामुळेच तिची बोटं सुटली, हे बघण्यासारखं होतं. गोल गोल फिरली. आपण फिरतोय हे तिला कळायला थोडा वेळ लागला. मग हात काढून घेतला, खुर्ची थांबली, पुन्हा ठेवला, पुन्हा फिरली. स्टिअरिंग नंतर. पहिली पायरी ‘मी केलं की होतं’. मग ती सरळ भिंतीला जाऊन आपटली आणि जोरात हसली. वडील भिंतीपाशी धावले होते. त्यांना थांबवायला मला हात आडवा करावा लागला.

४ जुलै

नी.च्या वडिलांचा फोन. दारांची रुंदी मोजून पाठवली आहे. आणखी काही बोलले नाहीत.

९ जुलै

क. दहा वर्षांचा, पातळी ३. पुढे ढकलायचा वॉकर वापरतो, त्याच्यावर वाकून चालतो, नजर जमिनीवर. मागून ओढायचा वॉकर, म्हणजे चौकट पाठीमागे आणि हात बाजूंना, देऊन पाहिला. धड लगेच सरळ झालं. हँडल मनगटाच्या रेषेशी, कोपर किंचित वाकलेला. मागच्या चाकांना उलटं न फिरण्याची खीळ, नाहीतर तो मागे टेकायला जातो आणि वॉकर निघून जातो.

पण क.ला वॉकरबद्दल बोलायचंच नव्हतं. ‘मधली सुट्टी संपते तोवर मी मैदानावर पोचतो,’ तो म्हणाला. ‘मग परत निघायचं.’

मग अंतरं मांडली. फंक्शनल मोबिलिटी स्केल, २००४ ची, नेमकं हेच विचारते: ५ मीटर, ५० मीटर, ५०० मीटर, आणि प्रत्येक अंतराला मूल काय वापरतं. घरात, ५ मीटरला, क. फर्निचर धरून जातो. वर्गात, ५० ला, वॉकर. ५०० ला त्याच्याकडे काहीच नव्हतं, आई-बाबांच्या जोरावर चाललं होतं. म्हणजे एका साधनाने तीन अंतरं भागवायची सक्ती त्याच्यावर होती.

हलकी, स्वतः ढकलायची खुर्ची सुचवली. आईचा चेहरा पडला. ‘खुर्ची दिली तर चालणं सोडेल.’ ही भीती मी प्रत्येक तिसऱ्या पातळीच्या घरात ऐकते आणि तिला हसत नाही. मात्र हेही खरं की या पातळीतली मुलं हालचालींच्या क्षमतेचं शिखर साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास गाठतात आणि नंतर, उंची-वजन वाढतं तसं, चालणं जड होत जातं. २००९ मध्ये कॅनडातल्या गटाने हे आलेख छापले. त्या घसरणीशी दररोज मैदानाच्या अंतरावर झगडायचं की ताकद वर्गातल्या चालण्यासाठी राखायची, हा खरा प्रश्न. क.ला विचारलं. त्याने विचारलं, खुर्चीत बसून चेंडू टाकता येतो का.

येतो. ऑर्डर फॉर्मवर लिहिलं.

१८ जुलै

वे. अकरा वर्षांची, पातळी ५. पाठीला उजवीकडे बाक, दोन्ही गुडघे वाऱ्याने एका बाजूला झोडपल्यासारखे डावीकडे. ही तपासणी लांबली आणि तिने ती शांतपणे होऊ दिली, डोळ्यांनी मात्र सगळं बोलत होती.

जुन्या खुर्चीत तिचे दोन्ही गुडघे पट्ट्याने मध्ये आणून बांधलेले होते. फोटोत सरळ दिसायची. पण गुडघे मध्ये आणले की खुबे जिथे अडकलेले आहेत तिथून वळत नाहीत, वळते ती पेल्व्हिस, आणि तिच्यामागे मणका. फोटो सरळ, पाठ जास्त वाकडी. जे अडकलेलं आहे ते सांभाळून घ्यायचं आणि जे सुटं आहे तेच दुरुस्त करायचं, हे वाक्य मी विद्यार्थ्यांना कंटाळा येईपर्यंत सांगते. वे.चे गुडघे डावीकडेच राहू दिले, पेल्व्हिस आणि डोकं समोर ठेवलं. आता ती वाकडी दिसते आणि समोर बघते.

पाठ मागे टाकणारी खुर्ची की सगळी सीटच मागे झुकणारी? दुसरी, वादच नाही. पाठ मागे टाकली की खुब्याचा कोन उघडतो, तिचं अंग ताठ होतं, आणि परत वर आणताना ती सीटवरून पुढे गेलेली असते, कातडी घासली जाते ती वेगळी. सगळी सीट झुकवली तर कोन तसाच राहतो, भार मात्र बैठकीवरून पाठीवर जातो. थोडंसं झुकवून भार फारसा हलत नाही. दाब खरोखर कमी करायचा तर ३० अंश किंवा जास्त हवेत. आणि हेही की झुकलेल्या मुलीला छत दिसतं. म्हणून झुकवणं ही विश्रांतीची वेळ, कामाची नाही. वर्गात सरळ, दुपारनंतर मागे. पट्टीवर वेळा लिहून दिल्या. भरवताना किती झुकवायचं ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टला विचारूनच, माझ्या अंदाजाने नाही.

रात्रीचं काय, असं वे.च्या आजीने विचारलं. तीच तिच्याजवळ झोपते. झोपेत शरीर सरळ धरणाऱ्या गाद्या-आधारांची जाहिरात तिने पाहिली होती. त्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित कोक्रेन आढावा २०१५ चा आहे आणि त्यात खुबा सरकणं थांबतं का याचं उत्तर देणारी एकही यादृच्छिक (मुलांचे गट चिठ्ठी टाकल्यासारखे पाडून केलेली) चाचणी सापडली नाही. मी आजींना म्हटलं, ज्या आधाराने वे. आणि तुम्ही दोघीही झोपता तो चांगला. ज्याने तुम्ही रात्रभर उठता तो काढून टाका. एका कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, एवढ्यावर सध्या थांबलो.

२ ऑगस्ट

स.ची खुर्ची जुळवायचा दिवस. खुर्ची आली म्हणजे काम झालं अशी समजूत सगळीकडे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या व्हीलचेअर मार्गदर्शिकेत आठ पायऱ्या आहेत. खुर्ची मुलाच्या अंगाशी जुळवणं ही सहावी, त्यानंतर शिकवणं, आणि मग देखभाल-पाठपुरावा.

क्रम ठरलेला. पेल्व्हिस मागे, पार मागे. मी दोन्ही अंगठे कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर ठेवले आणि ती एका पातळीत आहेत का ते डोळ्यांनी नाही, अंगठ्यांनी पाहिलं. उजवीकडे मांडीचा भाग तंत्रज्ञाने खाली कापला होता, बरोबर ८० अंशांच्या खुब्याला जागा देणारा. बेल्ट त्या हाडांच्या खाली, सीटशी साधारण ६० अंशांत, पोटावर नाही. जुन्या खुर्चीत तो पोटावर होता आणि ती त्याच्याखालून घसरायची. मांड्यांच्या मध्ये ठेवलेला ठोकळा लहान केला, गुडघ्यांजवळ ठेवला. त्याचं काम मांड्या वेगळ्या ठेवणं. घसरणारं मूल अडवायला तो वापरला तर इजा होते. मग पावलं. मग धडाच्या बाजू. मग कोपराच्या उंचीला ट्रे. डोक्याचा आधार सगळ्यात शेवटी, आणि तो तिच्या मानेमागे नुसता ‘असू दे’ म्हणून.

नंतर फोटो काढला नाही. तिला जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक दिलं आणि आम्ही अर्धा तास दुसरी कामं केली. बसवल्याबरोबर सगळीच मुलं छान दिसतात. अर्ध्या तासानंतर काय दिसतं ते खुर्चीचं खरं रूप. ती डावीकडे थोडी कलली होती, पण पानं उलटत होती. डावा आधार बोटभर वर घेतला. छातीचा पट्टा डब्यातून काढलाच नाही.

उभं राहण्यासाठी: मान आता चांगली धरते म्हणून पुढून टेकायची फ्रेम. पाय दोन्ही मिळून ३० ते ६० अंश फाकवता येतील अशी, कारण २०१३ च्या आढाव्यात खुब्यासाठी रोज ६० मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, अशा फाकलेल्या अवस्थेतलं उभं राहणं सुचवलं आहे. एका दमात ६० मिनिटं कुठलंही मूल उभं राहणार नाही. सुरुवात गाण्याच्या दोन कडव्यांपासून. बकलांच्या जागी एका हाताने लागणारे पट्टे लावून घेतले. ३ जूनची चिठ्ठी मला विसरता येत नाही.

११ ऑगस्ट

गाडीतला प्रवास. पेल्व्हिक बेल्ट हा आसनासाठी आहे, अपघातासाठी नाही, हे पाचही घरांना लेखी दिलं. मूल खुर्चीतच बसून वाहनातून जाणार असेल तर खुर्चीची आयएसओ ७१७६-१९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे धडक-चाचणी झालेली हवी, तिला चारही कोपऱ्यांनी जखडायचं, तोंड पुढे, आणि मुलाला वेगळा सीटबेल्ट. ट्रे काढून ठेवायचा. शक्य असेल तिथे मुलाला गाडीच्या सीटवर घ्यायचं आणि खुर्ची डिकीत. यात ‘थोडं सैल चालेल’ असं काही नाही.

१६ सप्टेंबर

पाठपुरावा. पट्ट्या पुन्हा भरून आल्या.

क.ची खुर्ची मैदानावर, वॉकर वर्गात. चालणं सुटलं नाही. आईने स्वतःच पट्टीच्या कडेला लिहिलंय. वॉकरच्या एका चाकात धाग्यांचा गुंता झाला होता, कात्रीने काढला. वॉकर तिरका जातो म्हणून त्याला आठवडाभर दोष देत होते.

नी.ची खुर्ची अजून आलेली नाही, पण डेमो खुर्ची महिनाभर घरी दिली. भिंतींवर ओरखडे आहेत, वडिलांनी फोटो पाठवले. तक्रार म्हणून नाही. पट्टीत ‘उचलून नेलं’ अजूनही आहे, कमी वेळा.

वे. दुपारी झुकवल्यावर झोपते, त्यामुळे शाळेचा शेवटचा तास जातो. वेळ बदलून मधल्या सुट्टीत घेतली.

स. रोज उभी राहते, सुट्टीच्या दिवशी नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पुढचा एक्स-रे सहा महिन्यांच्या हिशोबाने.

आ.च्या डाव्या बैठकीच्या हाडावर लाल डाग सापडला. नाण्याएवढा, बोटाने दाबला तरी पांढरा होत नाही, आणि खुर्चीतून काढून अर्धा तास झाला तरी तसाच. कुशनची खोळ धुतल्यावर आतला भाग पुढचा मागे घातला गेला होता. मांड्यांसाठीचा कडक उंचवटा नेमका हाडाखाली. तंत्रज्ञाने कुशनच्या पाठीमागच्या कडेला आणि खोळीला पिवळ्या धाग्याने सारखी खूण शिवली, दोन्ही खुणा जुळल्याशिवाय बसायचं नाही असं आ.लाच शिकवलं, आरसा धरून स्वतःची कातडी सकाळ-संध्याकाळ कशी बघायची तेही. डॉक्टरांना दाखवलं. डाग जाईपर्यंत त्या जागेवर भार नाही, म्हणजे खुर्ची नाही. तो पोटावर, वेजवर. फार चिडलाय. शुक्रवारी पुन्हा बघायचं.